गद्धेपंचविशीतलं गाढव

सोळाव्या-सतराव्या वर्षी शिंगं फुटतात आणि पुढे पंचविशीपर्यंत माणूस गाढवासारखा वागतो, असं मानून मराठीनं या वयाला ‘गद्धेपंचविशी’ हे नाव दिलं. हा शब्द रुळला तेव्हा मेंदूचं चित्र काढणारं यंत्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तरी त्यातला पंचविशीचा आकडा बऱ्यापैकी बरोबर निघाला. गाढवाच्या बाबतीत मात्र शब्द चुकला, असं माझं मत आहे.

आधी आकड्याचं पाहू. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचं आकारमान प्रौढाच्या सुमारे ९० टक्क्यांपर्यंत पोचतं. त्यामुळे त्यानंतर फारसं काही घडत नसावं, असा बराच काळ समज होता. १९७९ साली पीटर हटनलॉकर यांनी निरनिराळ्या वयात मृत्यू पावलेल्या माणसांच्या मेंदूंतले चेतापेशींचे जोड सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. कपाळामागच्या भागात लहान मुलांमध्ये हे जोड प्रौढांपेक्षा कितीतरी जास्त होते आणि किशोरवय सरेपर्यंत त्यांची संख्या घटत गेली होती. पुढे १९९९ मध्ये जे गीड आणि सहकाऱ्यांनी एकाच गटातल्या मुलांचं काही वर्षांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा एमआरआय केलं. त्यांच्या मोजणीत मेंदूच्या पुढच्या भागातला चेतापेशींचा करडा थर मुलींमध्ये साधारण ११व्या आणि मुलांमध्ये १२व्या वर्षी आकारमानानं सर्वांत मोठा होता. तिथून तो घटू लागला.

ऐकायला हे नुकसान वाटतं, पण ही छाटणी आहे. वापरातले जोड टिकतात, बिनवापराचे गळतात. जे टिकतात त्यांच्या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टण चढतं आणि संदेशाचा वेग कित्येक पटींनी वाढतो. हे काम सगळीकडे एकदम होत नाही. पाहणं, ऐकणं, हातपाय हलवणं सांभाळणारे भाग आधी उरकतात. आवर घालणं, पुढचा विचार करणं, दोन गोष्टी तोलून पाहणं ज्याच्याकडे असतं, तो कपाळामागचा भाग सगळ्यांत शेवटी, विशीच्या मध्याच्या आसपास पक्का होतो. (पंचविसाव्या वाढदिवसाला कुठलंही बटण दाबलं जात नाही. काहींचं आधी होतं, काहींचं तिशीपर्यंत चालू राहतं.)

इथे बहुतेक लेखांत एक उपमा येते: या वयात अ‍ॅक्सिलरेटर जोरात आणि ब्रेक कच्चे. मला ती अर्धीच पटते, कारण ब्रेक सदासर्वकाळ कच्चे नसतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ देशांतल्या १० ते ३० वर्षांच्या पाच हजारांहून अधिक जणांना तपासलं गेलं. स्मरणशक्ती, तर्क, शांतपणे बसून केलेला विचार यांत सोळा वर्षांची मुलं जवळजवळ प्रौढांच्या बरोबरीला आलेली होती. मागे होता तो संयम, म्हणजे उत्साह चढलेला असताना स्वतःला थांबवणं. ती पातळी अठराव्या वर्षानंतरही वाढतच होती.

उत्साह कशानं चढतो? बऱ्याचदा शेजारी बसलेल्या मित्रानं. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली गाडी चालवण्याच्या एका संगणकी खेळात हे पाहिलं. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की रेटायचं, एवढाच प्रश्न. एकटी असताना किशोरवयीन मुलं प्रौढांइतकीच सावध होती. मित्र बघत असले की त्यांनी घेतलेले धोके एकदम वाढले. प्रौढांवर मित्रांचा काही परिणाम झाला नाही. २०११ मध्ये हाच प्रकार मेंदूचं चित्रण चालू असताना करून पाहिला. मित्र दुसऱ्या खोलीतून पडद्यावर बघताहेत एवढं नुसतं कळलं, तरी किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाला भुलणारा भाग जास्त पेटत होता.

याहून मला जास्त आवडलेला प्रयोग २०१२ सालचा आहे. त्यात १२ ते १७ वर्षांच्या मुलांना आणि तिशी ओलांडलेल्या प्रौढांना पैशांच्या सोडती देऊ केल्या. जिंकण्याची शक्यता नेमकी किती, हे स्पष्ट लिहिलेलं असलं की मुलं प्रौढांपेक्षाही बेताने खेळली! ती पुढे सरसावली, ती शक्यता झाकलेली असताना. म्हणजे या वयाला धोक्याची हौस नसते, अंधाराची भीती कमी असते. घर सोडून अनोळखी जगात शिरायचं असलेल्या प्राण्याला तसंच असायला हवं. मुलांना ‘ते वाईट असतं, करू नकोस’ एवढंच मोघम सांगणारे मोठे लोक खरं तर शक्यता झाकूनच ठेवत असतात.

झोपेची गोष्ट वेगळी नाही. वयात येताना मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं, आणि दिवसभर साठणारी झोपेची ओढही हळू वाढते. त्यामुळे रात्री अकराला टक्क जागं असणं हा आळस किंवा उद्धटपणा नसतो. टिल रोनेबर्ग यांच्या २००४ च्या पाहणीत झोपेची वेळ विशीपर्यंत पुढे पुढे सरकत गेलेली दिसली आणि मग उलट फिरली. मुलींमध्ये हे वळण साडेएकोणीसच्या, मुलांमध्ये एकविसाच्या आसपास आलं. किशोरवय संपल्याची जैविक खूण म्हणून हेच वळण धरावं, असं त्यांनी सुचवलं. शाळेची घंटा मात्र पहाटे उठणाऱ्या पन्नाशीच्या माणसांनी ठरवलेली असते. सिअ‍ॅटल शहरानं २०१६ मध्ये माध्यमिक शाळा ७:५० ऐवजी ८:४५ ला भरवायला सुरुवात केली. मुलं मिळालेला तासभर रात्रीच्या जागरणात घालवतील, ही शंका होतीच. मनगटावरच्या यंत्रांनी मोजलं, तर झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढली होती.

आणि हे सगळं आता जास्त काळ चालतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात उत्तर युरोपात मुलींना पहिली पाळी सोळाव्या-सतराव्या वर्षी येई. विसाव्या शतकात ते वय तेराच्या जवळ आलं. दुसऱ्या टोकाला शिक्षण लांबलं, नोकरी आणि लग्न पुढे गेलं. शरीर मोठं आणि पाकीट रिकामं, अशी आठ-दहा वर्षं मध्येच उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना किशोरवय १० ते १९ धरते. २०१८ साली काही तज्ज्ञांनी ते २४ पर्यंत न्यावं असं मांडलं. जेफ्री आर्नेट यांनी तर २००० सालीच १८ ते २५ या काळाला उगवत्या प्रौढत्वाचा स्वतंत्र टप्पा म्हटलं होतं. नावं काहीही द्या, पण मूलपणाची मुभा संपलेली आणि मोठेपणाचे अधिकार न आलेले, हे अधांतरीपण या वयाचं सर्वांत अवघड दुखणं आहे असं मला वाटतं. अमेरिकेतल्या २००५ च्या एका मोठ्या पाहणीत, आयुष्यात कधीतरी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले आढळले. मुलगा किंवा मुलगी आठवडेच्या आठवडे गप्प गप्प असेल, तर ‘वयच असं आहे’ म्हणून सोडून देऊ नये ते यासाठी.

आता गाढवाचं. २०१६ मध्ये १३ ते १७ वर्षांच्या मुलांना एक खेळ दिला गेला: फुलपाखरू कोणत्या फुलावर बसेल ते ओळखायचं. नियम सांगितलेला नव्हता. प्रत्येक वेळी बरोबर की चूक एवढंच कळे आणि त्यावरून शिकायचं. बक्षिसाला भुलणारा तोच मेंदूतला भाग इथे स्मृतीच्या केंद्राशी हातमिळवणी करून काम करताना दिसला. मुलं पटापट शिकली. सरासरीत मागे राहिले, ते २० ते ३० वर्षांचे.