क्लचच्या डबीत ब्रेक ऑइल की मिनरल ऑइल?

ट्रायल्सच्या, म्हणजे खडकाळ वाटेवर पाय न टेकता चालवायच्या स्पर्धेच्या, गाडीच्या हँडलवर तेलाच्या दोन डब्या असतात. उजवीकडची पुढच्या ब्रेकची, डावीकडची क्लचची. झाकण सारखं, स्क्रू सारखे, झाकणाखालचा रबरी पडदाही जवळपास सारखाच. त्यामुळे दोन्हींत एकच तेल जात असणार असं धरून चालतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. ब्रेकच्या डबीत बहुधा डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल असतं. क्लचच्या डबीत मात्र कंपनीप्रमाणे, कधी मॉडेलच्या सालाप्रमाणेही, डॉट ४ असेल किंवा मिनरल ऑइल. मागुरा या जर्मन कंपनीच्या अनेक हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचमध्ये मिनरल ऑइल चालतं, आणि त्याच गाडीच्या ब्रेकमध्ये डॉट ४.

नागपुरात या गाड्या तशा कमीच. आपल्या मेकॅनिक लोकांचा हात डिस्क ब्रेकवर बसलेला असतो. डबी उघडली, तेल काळं दिसलं की ब्रेक ऑइलची बाटली पुढे येते. त्यांचा दोष नाही, रोज समोर तेच येतं. पण गाडी आपली आहे, तेव्हा आत काय आहे हे आपल्याला ठाऊक हवं.

डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही तिन्ही ग्लायकॉल ईथरच्या जातीची. हवेतला ओलावा ती ओढून घेतात, आणि रंगावर सांडली तर रंग उचलतात. मिनरल ऑइल पेट्रोलियमपासूनचं. ते पाणी शोषत नाही. पाणी शिरलंच तर वेगळं राहून सगळ्यात खालच्या जागी साचतं. खरा फरक पडतो तो रबराला. डॉटच्या सिलिंडरमधले वॉशर, म्हणजे तेल अडवणारे रबरी सील, ईपीडीएम रबराचे असतात, मिनरलच्या सिलिंडरमधले बहुधा नायट्राइलचे. ईपीडीएमला मिनरल ऑइल लागलं की ते फुगतं आणि लिबलिबीत होतं. नायट्राइललाही ब्रेक ऑइल सोसत नाही.

वॉशर फुगल्यावर काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे. डबीतून लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरच्या बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन सरकतो त्या पोकळीत, उतरणारी दोन भोकं असतात, एक मोठं आणि एक सुईच्या टोकाएवढं. लिव्हर पूर्ण सुटलेला असताना पिस्टनच्या तोंडाचा वॉशर या बारीक भोकाच्या किंचित मागे थांबतो, म्हणजे भोक उघडं राहतं. इंजिनाच्या गरमीनं लाइनमधलं तेल प्रसरण पावलं की जास्तीचं तेल इथूनच डबीत परत जातं. वॉशर फुगून भोकावर आला की ही वाट बंद. मग लाइनमध्ये दाब साठत जातो आणि लिव्हरला बोटही न लावता क्लच अर्धा दाबल्यासारखा राहतो. हिंगण्याकडच्या एखाद्या खडकाळ चढावर इंजिन ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही. थंड झाली की पुन्हा ठणठणीत.

अशा वेळी क्लच प्लेट गेल्या म्हणून इंजिन उघडायची घाई करू नका. गाडी गरम असताना, क्लच घसरत असतानाच, खालच्या, इंजिनाजवळच्या स्लेव्ह सिलिंडरचा ब्लीड निपल (हवा काढायचा स्क्रू) जरासा सैल करा. तेलाची चिळकांडी उडाली आणि क्लचनं लगेच पकड घेतली, तर प्लेट शाबूत आहेत. दोष वर मास्टर सिलिंडरमध्ये आहे. वॉशर फुगला असेल, भोकात कचरा असेल, किंवा कुणीतरी लिव्हरचा अ‍ॅडजस्टर इतका आवळला असेल की पिस्टन मागे येतच नाही. हे शेवटचं आधी बघा. लिव्हरला थोडी मोकळी चाल हवीच.

आता ओळखायचं कसं? आधी झाकणावरचा ठसा वाचा, मग गाडीचं मॅन्युअल. रंगावर जाऊ नका, दोन्ही तेलं वेगवेगळ्या रंगांत मिळतात. जुनी गाडी घेतली असेल आणि आधीच्या मालकानं काय ओतलं ते कळत नसेल, तर काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि सिरिंजनं डबीतल्या तेलाचे चार थेंब टाकून ढवळा. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं, मिनरल ऑइलचा तवंग वर तरंगतो. सिलिकोनचं डॉट ५ सुद्धा पाण्यात मिसळत नाही, पण ते सहसा जांभळं असतं. नाव जवळचं असलं तरी डॉट ५ आणि डॉट ५.१ यांचा एकमेकांशी संबंध नाही.

बाटलीवरचे उकळबिंदूचे आकडे बघून लोक डॉट ४ कडे ओढले जातात. कोरडं असताना किमान २३० अंश, ओलावा ओढल्यावर किमान १५५. ब्रेकसाठी हे आकडे मोलाचे. क्लचचं तेल तेवढं तापत नाही, नवतप्यातल्या दुपारीसुद्धा नाही. माझ्या मते डॉटच्या क्लचला आपल्या उन्हाळ्यापेक्षा पावसाळा जास्त जड जातो. डबी इवलीशी, तेल मोजकंच, त्यामुळे थोडासा ओलावाही लवकर भोवतो आणि बोअरला गंजाचे ठिपके पडतात. दसऱ्याला गाडी धुऊन पुसून पूजेला लावतोच, त्याच सुमारास तेल बदलून टाकावं. आणि मागच्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली वापरू नये.

धुण्यातही फरक आहे, आणि इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं. आपल्याकडे कुठलाही पार्ट पेट्रोलमध्ये नाहीतर रॉकेलमध्ये बुडवायची सवय. डॉटच्या वॉशरला दोन्ही विषासमान. साधं ग्रीसही नको. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि जोडताना त्याच ताज्या ब्रेक ऑइलनं भिजवा. मिनरलच्या सिलिंडरचे भाग मिनरल ऑइलनंच भिजवायचे. बाकी काम दोन्हींत सारखं: सर्कलिप (पिस्टन अडवून धरणारी कडी) काढा, पिस्टन आणि स्प्रिंग बाहेर, बोअरवरून नख फिरवून बघा. नख अडकलं तर पॉलिश पेपर घासत बसू नका, सिलिंडर बदला. बारीक भोक तांब्याच्या तारेच्या एका केसानं मोकळं करा, मोठं करू नका. हवा काढताना लिव्हर पंप करण्यापेक्षा खालून, निपलमधून सिरिंजनं तेल वर ढकललेलं बरं. बुडबुड्यांना वरच जायचं असतं.

डबी काठोकाठ भरू नका. ब्रेकचे पॅड झिजले की तेलाची पातळी उतरते. हायड्रॉलिक क्लचमध्ये प्लेट झिजतात तशी ती चढते.

चुकीचं तेल पडलंच असेल तर नुसतं काढून योग्य तेल भरून भागत नाही. मास्टर आणि स्लेव्ह दोन्हींची रबर किट, झाकणाखालचा पडदा आणि शक्यतो पाइपही बदला. किट बाहेरून मागवावी लागत असेल, तर ती येईपर्यंत गाडी चालवू नका आणि पिस्टन सिलिंडरमधून काढून ठेवा.