कागदावरील जाड थराच्या तैलचित्राचे माउंटिंग व फ्रेमिंग

पॅलेट नाइफने किंवा राठ ब्रशने रंगाचे उंचवटे उठवलेले (इम्पास्टो) तैलचित्र कागदावर असेल, तर ते काचेमागे टिकवून बसवण्याची रीत. कॅनव्हासवरचे तैलचित्र सहसा काचेशिवाय टांगतात. कागदाला मात्र धूळ, दमट हवा आणि कसर यांपासून आडोसा लागतो. पण काच उंचवट्यांना टेकली की रंग तिला चिकटतो. या कामातली खरी अडचण हीच.

कागदावर तैलरंग वापरणे नवे नाही. इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१–२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला केलेले ढगांचे अभ्यास कागदावरच आहेत. फ्रेंच चित्रकार जॉर्ज रुओच्या दाट थरांच्या कित्येक कृती कागदावर रंगवून मग कॅनव्हासवर चिकटवलेल्या आहेत. या पद्धतीला मारूफ्लाज म्हणतात. तिने चित्राला भक्कम आधार मिळतो, पण चिकटवलेला कागद पुन्हा सोडवणे फार जिकिरीचे असते. म्हणून दुसऱ्याच्या किंवा जुन्या चित्रावर ती करू नये.

जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होते. वरची साय लवकर धरते, पण जाड थर आतून वाळायला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. घाईने बंद केलेल्या फ्रेममध्ये काचेच्या आतल्या बाजूवर धुरकट थर चढतो. कागदाला आधी जेसो (रंगाखालचा पांढरा अस्तर-लेप) किंवा सरसाचा हात दिलेला नसेल, तर तेल त्यात मुरते, रंगाभोवती पिवळट कड उमटते आणि कालांतराने कागद ठिसूळ होतो. यावर फ्रेमवाल्याकडे इलाज नाही.

चित्र आम्लरहित बोर्डवर फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या बिजागऱ्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरून टांगतात. चारी बाजूंनी चिकटवल्यास दमट हवेत फुगणाऱ्या कागदाला जागा उरत नाही. तो लाटा धरतो आणि वरचा ताठ झालेला रंग तडकतो. उष्णता व दाब देणारे ड्राय माउंटिंग इथे वर्ज्यच, कारण त्यात उंचवटे चेपतात. कागद थोडा वाकलेला असला तरी तो वजनाखाली दाबू नये. ती लहर तशीच राहिलेली बरी.

साधा माउंटबोर्ड (चित्राभोवती चौकटीसारखा कापून लावायचा जाड पुठ्ठा, म्हणजेच माउंट) जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचा असतो, काच उंचवट्यांपासून दूर ठेवायला तो पुरत नाही. त्यामुळे खोल खाचेची बॉक्स फ्रेम घेऊन काचेच्या कडेला, माउंटआड लपणारे स्पेसर (अंतर राखणाऱ्या पट्ट्या) बसवतात. मोजायची ती रंगाच्या सर्वांत उंच उंचवट्याची उंची, सरासरी नव्हे. त्यावर आणखी पाचेक मिलिमीटर मोकळे ठेवावेत. चित्राच्या कडाही सुंदर असतील, तर माउंटने त्या झाकण्याऐवजी कागद बोर्डपासून किंचित उचलून ‘तरंगता’ ठेवतात.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते. तिथे फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावतात, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांमधून वारा खेळतो.