गार्डनसाठी सह्या कशाला मागतायत? जरा मागचं सांगतो

आपल्या वॉर्डात सध्या सोसायट्यांच्या गेटवर जो फॉर्म फिरतोय ना, वरती नगरसेवकांचा फोटो, खाली नाव-बिल्डिंग-मोबाईल-सही असे रकाने आणि विषय "आरक्षित भूखंडावर उद्यान विकसित करणेबाबत", तो बघून बरेच जण विचारतायत की गार्डन करायचंय तर करा, आमच्या सह्या कशाला. प्रश्न बरोबर आहे, पण उत्तरासाठी चांगलं शंभर-सव्वाशे वर्षं मागे जायला लागतं.

1896 ला मुंबईत प्लेग आला, दोन वर्षांत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि दाटीवाटीतून लोकांना बाहेर काढायचं म्हणून दादर, माटुंगा, वडाळा, सायन भागात स्कीम आखल्या गेल्या. तिकडे रस्ते, प्लॉट, बागा आधी आखल्या आणि माणसं नंतर राहायला आली, माटुंग्याचं फाइव्ह गार्डन्स त्यातलंच. शिवाजी पार्क 1925 ला झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं, 1927 ला ते बदललं ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकाराने. म्हणजे बागेसाठी नगरसेवकाने पुढे होणं हे काय आजचं नाही (आणि बागेचं नाव काय ठेवायचं यात आपल्याला जास्त इंटरेस्ट, हेही). 1933 ला ट्रस्ट पालिकेत विलीन झाला.

उपनगरात मात्र सगळं उलटं झालं. ती पालिकेत आली 1950 आणि 1957 मध्ये, आणि तिथे माणसं आधी आली, बागा नंतर, त्याही कागदावर. पहिला डीपी (विकास आराखडा, म्हणजे कुठली जागा कशासाठी आरक्षित ते दाखवणारा पालिकेचा नकाशा) साठच्या दशकातला, मग 1991 चा, आणि आताचा 2034 पर्यंतचा जो सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. नकाशावर हिरवा रंग दिसला की आपल्याला वाटतं जागा पालिकेची झाली, तसं नसतं हो! मालक बऱ्याचदा खाजगी असतो, पालिकेने त्याला पैसे किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन जागा ताब्यात घ्यायची असते, आणि ती वर्षानुवर्षं घेतलीच जात नाही. मग तिथे डेब्रिज पडतं, दोन गॅरेज येतात, एका कोपऱ्यात मंडळाचं ऑफिस होतं आणि बाकी जागेत पार्किंग. केंद्राच्या गाइडलाइन्स माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा सांगतात, मुंबईत दोन पण होत नाही, त्याचं एक मोठं कारण हेच.

आता खरी मेख. नगररचना कायदा 1966 चा, त्यातलं कलम 127. डीपी लागू झाल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जागा घेतली नाही तर मालक पालिकेला पर्चेस नोटीस (जागा विकत घ्या अशी नोटीस) देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर 24 महिन्यांत (आधी मुदत 12 महिन्यांची होती, 2015 ला वाढवली) संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द. म्हणजे जागा मोकळी ठेवायचं बंधनच गेलं, मग तिथे टॉवर उभा राहिला तर बोंबलून काही होत नाही. या नोटिशींवर जागा घ्यायचे प्रस्ताव सुधार समितीपुढे (जमिनीचे विषय बघणारी नगरसेवकांची समिती) येतात. अतिक्रमण आहे, पुनर्वसनाचा खर्च परवडणार नाही, असे शेरे फायलीवर असतातच, आणि प्रस्ताव "दफ्तरी दाखल" (म्हणजे फाइल बंद) झाला की समजा गेलाच. हिशोब करा, 2018 च्या डीपीत जी आरक्षणं नव्याने पडली त्यांची 10 वर्षं 2028 ला भरतायत.

त्यात मार्च 2022 ला पालिकेची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते, सुधार समिती नाही, सभागृह नाही, सगळा कारभार प्रशासकाकडे. जवळजवळ चार वर्षं वॉर्डातून प्लॉटचा विषय नेटाने मांडणारं कोणी निवडून आलेलं नव्हतं. नव्यांची घाई त्यामुळे समजण्यासारखी आहे, फोटोची हौस सोडून देऊ.

सह्यांना कायद्याने फार वजन नाही हे पण खरं. हरकती-सूचना मागवल्या असतील, उदाहरणार्थ आरक्षण बदलायचं असेल तर महिनाभराची नोटीस काढतात, तेव्हा कारण लिहून दिलेलं पत्र मोजलं जातं. बाकी वेळी सह्यांचा गठ्ठा हा दबाव असतो, समितीत आणि बजेटच्या वेळी उपयोगी पडतो. आणि मुंबईत दबाव चालतो. 2015 चा डीपीचा ड्राफ्ट चुकांमुळे इतका गाजला की सरकारला तो बाजूला ठेवून परत करायला लावावा लागला. 2016 ला मैदानं-बागा संस्थांना दत्तक द्यायचं धोरण सभागृहात पास झालं, लोकांनी ओरड केली, मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली आणि आधी दिलेले दोनशेवर प्लॉट परत घ्यायला सांगितलं.

माझं मत विचाराल तर सही करा, पण आधी दोन गोष्टी विचारा. जागेचा ताबा पालिकेकडे आहे का? असेल तर काम गार्डन खात्याचं आणि टेंडरचं, सोपं आहे. नसेल तर फॉर्मबरोबर जे गझिबो आणि ओपन जिमचं चित्र दाखवतायत त्याला आत्ता काही अर्थ नाही, मागणी संपादनाची हवी आणि फॉर्मवर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. दुसरं, गार्डनच्या खाली काय येणार? बांद्र्याच्या पटवर्धन पार्कखाली भूमिगत पार्किंग करायचं निघालं तेव्हा रहिवाशांना कोर्टापर्यंत जावं लागलं होतं. आणि विषयात नुसतं "आरक्षित भूखंड" लिहिलंय, सीटीएस नंबर (सिटी सर्व्हेतला जागेचा नंबर) कुठेच नाही. तो मागून घ्या, त्यावरून पालिकेच्या साइटवर डीपी रिमार्क काढता येतो, आरक्षण नक्की गार्डनचं आहे की दुसऱ्याच कशाचं ते त्यात कळेल.