मदतनीस मुलाच्या वाटणीचे काम करत नाही
विशेष गरजा असलेल्या मुलाला वर्गात मदतनीस मिळाला की त्याचे लिहिणे-वाचणे तोच उरकतो, असा समज जळगाव-धुळ्याकडील अनेक पालकांत रुजला आहे. तो चुकीचा आहे. मदतनीसाने सूचना लहान तुकड्यांत, गरज पडल्यास घरच्या अहिराणीत सांगावी, उत्तरासाठी थांबावे आणि मूल सरावले की हळूहळू मागे सरकावे, कारण सतत खेटून बसलेल्या मोठ्या माणसामुळे मूल वर्गमित्रांपासून तुटते व प्रत्येक पायरीला इशाऱ्याची वाट पाहू लागते. मुलाच्या उत्तरासाठी असे थांबणेच सर्वांत अवघड आणि, माझ्या मते, सर्वांत मोलाचे आहे. शिकवण्याची जबाबदारी वर्गशिक्षकांचीच राहते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही मुलांनी इतरांसोबत शिकावे, हेच अपेक्षिले आहे.