खाते वडिलांचे, वाचक कोण?

सदाशिव पेठेत आमच्या घराजवळ मासिक वर्गणीचे एक वाचनालय होते. तेथील जाडजूड खातेवहीत आमच्या घराचे खाते अर्थातच वडिलांच्या नावावर होते आणि त्या नावापुढे नारायण धारपांच्या कादंबऱ्या, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या साहसकथा आणि दिवाळीनंतर अंकांची रांग नोंदलेली असे. प्रत्यक्षात वडील चरित्रग्रंथांपलीकडे क्वचितच गेले. धारप वाचत असे ती आई, रात्री झाकपाक झाल्यावर, ओट्याला पाठ टेकून. उद्या कोणा संशोधकाने ती खातेवही तपासली, तर त्याला विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचा आणखी एक पुरुष चाहता सापडेल.

या साहित्याच्या चाहत्यांमध्ये पुरुष किती आणि स्त्रिया किती, या प्रश्नाची जुनी उत्तरे बहुधा अशाच कोणत्या तरी खातेवहीतून आलेली आहेत. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली अमेरिकेत केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले. त्यातील वाचकांच्या पत्रांखाली पत्ते छापले जात, त्या पत्त्यांवरून ओळखी झाल्या, मंडळे निघाली आणि पुढे संमेलने भरू लागली. त्यामुळे जो पत्र लिहितो, मंडळात जातो आणि संमेलनासाठी दूरचा प्रवास करू शकतो, तोच चाहता अशी एक न लिहिलेली व्याख्या रूढ झाली. घरी बसून वाचणारी बाई तिच्यात बसत नव्हती.

विल्यम बेनब्रिज या समाजशास्त्रज्ञाने १९७८ च्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात सुमारे ६०० जणांकडून प्रश्नावली भरून घेतली. त्यांच्या आवडीनिवडींचे गट पाडल्यावर असे दिसले की, काटेकोर विज्ञान आणि यंत्रतंत्रावर उभ्या असलेल्या कथांकडे पुरुषांचा कल तुलनेने अधिक होता, तर अद्भुतकथांकडे स्त्रियांचा. निष्कर्ष महत्त्वाचा आहे, परंतु तो संमेलनाला आलेल्यांविषयीचा आहे, हे त्याचा दाखला देणारे सोयीस्कररीत्या विसरतात.

असा कल का असावा? मानसशास्त्रज्ञ रॉंग सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली पाच लाखांहून अधिक लोकांच्या आवडींच्या चाचण्या एकत्र करून तपासल्या. पुरुषांचा ओढा सरासरीने वस्तूंकडे आणि स्त्रियांचा माणसांकडे असल्याचे त्यांना आढळले आणि या फरकाचे मान ०.९३ प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) इतके निघाले. मानसशास्त्रात हा मोठा फरक समजला जातो. तरीही तो डोळ्यांसमोर आणायचा, तर शेजारी शेजारी ओतलेल्या तांदळाच्या दोन ढिगांची कल्पना करावी. दोन्ही ढिगांची शिखरे वेगळी दिसतात, पण पायथे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की, दोन्ही ढिगांचा जवळजवळ ६४ टक्के भाग सामाईक असतो. म्हणजे एखाद्या व्यक्तीची आवड सांगितली, तरी ती स्त्री की पुरुष हे खात्रीने ओळखता येत नाही. शिवाय या चाचण्या मुख्यतः व्यवसायाच्या आवडींच्या होत्या. यंत्र दुरुस्त करण्याची हौस आणि यंत्रमानवाची गोष्ट वाचण्याची हौस या एकच आहेत, असे मानायला माझे मन धजावत नाही. मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५ साली ४६ मेटा-विश्लेषणांचा, म्हणजे अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून केलेल्या विश्लेषणांचा, आढावा घेतला, तेव्हा स्त्री-पुरुषांमधील मानसिक फरकांपैकी ७८ टक्के फरक अल्प किंवा शून्याच्या आसपास असल्याचे दिसले.

मोजमापाची जागा बदलली की चित्रही बदलते. ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी दूरचित्रवाणी मालिका १९६६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या चाहत्यांचे पहिले हौशी नियतकालिक निघाले, ते दोन स्त्रियांच्या संपादनाखाली. मालिका बंद पडू नये म्हणून झालेल्या पत्रमोहिमेत बीजो ट्रिम्बल ही चाहती अग्रभागी होती. मालिका अंतराळयानाचीच होती, पण येथे मोजणी वर्गणीदारांच्या यादीतून झालेली नव्हती.

लेखनावरून लिंग ओळखण्याचा तर एक प्रयोगच नकळत घडून गेला. जेम्स टिपट्री ज्युनियर या नावाच्या लेखकाच्या कथा १९६८ पासून गाजू लागल्या. तो कधी कोणाला भेटत नसे, फक्त पत्रे लिही. तो स्त्री असावा अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या मातब्बर लेखकाने १९७५ मध्ये ती हास्यास्पद ठरवली आणि टिपट्रीच्या लेखनात अस्सल पुरुषीपण असल्याचा निर्वाळा दिला. पुढे टिपट्रीच्या आईच्या मृत्युलेखावरून चाहत्यांनी छडा लावला आणि टिपट्री म्हणजे साठी ओलांडलेल्या ॲलिस शेल्डन निघाल्या, त्याही प्रायोगिक मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या. टोपणनाव त्यांनी मार्मलेडच्या बरणीवरून उचलले होते.

पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेची उभारणी करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत भाग घेतला, तोही आद्याक्षरे उलटी करून घेतलेल्या नारायण विनायक जगताप या नावाने. आपले अक्षर आयोजकांच्या परिचयाचे आहे, हे ध्यानात घेऊन त्यांनी कथा पत्नीच्या, म्हणजे गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या, हस्ताक्षरात लिहवून घेतली. नाव पुरुषाचे, अक्षर बाईचे, अशी ती वही स्पर्धेत दाखल झाली आणि पहिले बक्षीस जगतापांना जाहीर झाले.