सिंक आणि मशीनचा पाइप परत परत तुंबतोय? आधी हे वाचा

हे माहितीपत्रक आम्ही आमच्या सगळ्याच ग्राहकांसाठी काढलंय, पण खास करून त्यांच्यासाठी ज्यांचं किचनचं सिंक किंवा वॉशिंग मशीनचा आउटलेट दर दोन-तीन महिन्यांनी तुंबतो, कुणीतरी येऊन स्प्रिंग (पाइपात घालून फिरवायची लांब लवचिक तार) मारून जातं, पाणी जायला लागतं आणि मग परत तेच. तीनदा असं झालं असेल तर चौथ्यांदा नुसती स्प्रिंग मारून घेऊ नका, आम्ही आलो तरी आम्हालाही आधी कारण शोधायला लावा.

स्प्रिंगने नेमकं काय होतं ते बघा. सिंकचा पाइप बहुतेक ठिकाणी ४० मिमीचा असतो. आतल्या बाजूला चिकट थर चढत चढत शेवटी मधे करंगळी जाईल एवढंच भोक उरतं, आणि त्यात काहीतरी अडकलं की पाणी थांबतं. स्प्रिंग त्या भोकातून जाते, अडकलेला गोळा फोडते, पाणी सटासट जातं आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. थर मात्र जिथल्या तिथे असतो, आणि तो खडबडीत झालेला असल्यामुळे पुढचा कचरा त्याला आणखी लवकर धरतो.

हा थर कसला असतो? गरम पाण्यातलं तेल-चरबी सिंकमधून जाताना पातळ असते, पाइपमध्ये थोडं पुढे जाऊन पाणी गार झालं की ती कडेला धरते. त्यात पाण्यात क्षार जास्त असतील तर चरबीतली आम्लं आणि पाण्यातलं कॅल्शियम एकत्र येऊन एक प्रकारचा साबणच तयार होतो, फक्त हा साबण पाण्यात विरघळत नाही. आधी तो मेणासारखा मऊ असतो, जुना झाला की खडूसारखा कडक होतो आणि मग खरवडूनच काढावा लागतो. म्हणून "आम्ही तेल ओततच नाही" असं सांगणाऱ्यांच्या घरीपण पाइप तुंबतो, कारण भांड्यांना जे लागलेलं असतं तेवढं रोज जातंच.

आता मशीनचं. बऱ्याच घरांत वॉशिंग मशीनचं पाणी सिंकच्याच लाइनला जोडलेलं असतं. त्यात वाईट काही नाही, पण जोड कसा दिलाय त्यावर सगळं आहे. एका घरी आम्ही वर्षभरात चार वेळा गेलो. पहिल्या तीन वेळा स्प्रिंग मारून आलो, ते आमचं चुकलंच, चौथ्या वेळी मात्र तो भाग कापूनच काढला. मशीन बसवताना कुणीतरी सिंकच्या पाइपला ड्रिलने भोक पाडून त्यात मशीनची लाइन घातली होती. भोकाची कड आतून साफ केलेली नव्हती आणि लाइनचं टोक बोटाच्या एका पेराएवढं आत आलेलं. त्या टोकाला कपड्यांचे बारीक तंतू जटेसारखे लोंबत होते, त्यावर करडी चरबी, परत तंतू, परत चरबी, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर. आम्ही तिथे पाण्याच्या दिशेने तिरका असलेला वाय जोड टाकला, कडा घासून घेतल्या आणि पुढची लाइन प्रेशरने धुतली. त्यानंतर त्या घरातून तुंबल्याचा फोन आलेला नाही. तेव्हापासून आम्ही नियमच केलाय की तेच घर, तीच तक्रार परत आली की आधी पाइप उघडून बघायचा.

दुसरं कारण उतार. आडव्या पाइपला दर मीटरला साधारण २० ते २५ मिमी उतार असला की पाणी कचरा बरोबर घेऊन जातं. क्लॅम्प ढिले झाले किंवा मुळातच लांब लांब लावलेले असले तर पाइपला मधे पोट येतं, त्या पोटात पाणी साचून राहतं आणि गाळ खाली बसतो. अशा ठिकाणी तुम्ही कितीही चांगलं लिक्विड ओता, पोट आहे तोवर तिथे गाळ बसणारच. ओट्याखाली वाकून मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप पाइपवर ठेवलंत तरी अंदाज येईल.

आणि तो सिंकखालचा वळ्यावळ्यांचा फ्लेक्सिबल पाइप! बसवायला सोपा म्हणून सर्रास लावला जातो, पण त्याच्या प्रत्येक वळीत गाळ बसतो आणि तो लांब घेतला असेल तर खाली लोंबून नको तिथे आणखी एक वळण तयार होतं. तुमच्याकडे तो असेल आणि सिंक सारखं तुंबत असेल तर आतून गुळगुळीत असलेला साधा पाइप आणि उघडता येईल असा बॉटल ट्रॅप किंवा पी ट्रॅप (सिंकखालचा, थोडं पाणी धरून ठेवून वास अडवणारा भाग) लावून घ्या. आमच्या अनुभवात बऱ्याच तक्रारी एवढ्यावरच संपतात.

डिशवॉशरवाल्यांनी एक लक्षात ठेवा, त्याचं पाणी गरम आणि त्याचं डिटर्जंट कडक असल्यामुळे चरबी सिंकखाली न धरता पुढे वाहून जाते आणि लांब, गार जागी धरते. म्हणून ट्रॅप स्वच्छ दिसतो तरी लाइन तुंबलेली असते. त्याचा होज ट्रॅपला जोडण्याआधी वर ओट्याच्या तळापर्यंत उचलून अडकवलेला हवा, नाहीतर सिंकमधलं घाण पाणी मशीनमध्ये येतं. मशीन नवीनच बसवलंय आणि पहिल्या दिवसापासून पाणी सोडत नाहीये असं असेल तर ट्रॅपच्या ज्या तोटीला होज लावलाय तिच्यातलं प्लास्टिकचं बूच काढायचं राहिलंय का ते बघा, हे बऱ्याचदा राहतं. वॉशिंग मशीनचा होज उभ्या पाइपमध्ये सोडला असेल तर फार खोल खुपसू नका आणि तोंडाला टेप गुंडाळून घट्ट बंद करू नका, तिथून हवा जायला हवी. हवा गेली नाही तर मशीन भरता भरताच पाणी ओढलं जाऊन रिकामं होऊ शकतं. उभ्या पाइपची उंची किती हवी ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, साधारण ६० ते ९० सेंमी.

तुंबलंय कुठे हे घरबसल्या बरंचसं कळतं. फक्त सिंक हळू जातंय आणि बाकी सगळं नीट आहे तर ट्रॅप किंवा त्याच्या लगेच पुढे. मशीनने पाणी सोडलं की सिंकमधे पाणी वर येतं, मग ट्रॅप उघडण्यात वेळ घालवू नका, अडथळा दोन्ही लाइन एकत्र येतात त्याच्या पुढे आहे. सिंक गटगट आवाज करतंय आणि थोड्या वेळाने वास येतोय तर लाइनला हवा मिळत नाहीये, ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातंय आणि वास अडवायला पाणीच राहत नाही. आणि मशीन पाणीच सोडत नसेल, पण सिंक व्यवस्थित जात असेल, तर आधी मशीनचा फिल्टर काढून बघा आणि होज मागे दबलाय का ते बघा.

पंप (रबरी टोपीचा प्लंजर) मारताना सिंकचं ओव्हरफ्लोचं भोक आणि दुसरं सिंक असेल तर त्याचं तोंड ओल्या फडक्याने दाबून धरा, नाहीतर सगळा जोर तिकडून निघून जातो. डिशवॉशरचा होज जोडलेला असेल तर तोही आधी क्लॅम्पने दाबून बंद करा.

आता केमिकलबद्दल, आणि हे कृपया मनावर घ्या. कॉस्टिकची (कॉस्टिक सोड्याची, पाइप मोकळा करायला विकतात ती) पावडर पाण्यात पडली की प्रचंड तापते, तुंबलेल्या पाइपमध्ये ती पुढे न जाता तिथेच बसते, आणि चरबीचा साबण होऊन तो तिथेच घट्ट झाला तर दगडासारखा गोळा तयार होतो. ॲल्युमिनियमच्या वस्तूंवर ती पडली तर हायड्रोजन वायू सुटतो. कॉस्टिकने काम झालं नाही म्हणून त्यावर ॲसिड ओतू नका, उकळी फुटून तोंडावर उडतं. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू निघतो, बंद किचनमध्ये तो जीवावर बेतू शकतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा उपाय सगळीकडे फिरतो, फेस छान येतो, पण दोघं एकमेकांनाच मारतात आणि जमलेल्या चरबीला फारसं काही होत नाही. उकळतं पाणीही पीव्हीसी पाइपमध्ये ओतू नका, हे पाइप साधारण ६० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतात आणि जोडातल्या रबरी रिंगा बसतात.

रोजचं म्हणाल तर भांडी धुण्याआधी तेलकटपणा कागदाने पुसून कचऱ्यात टाका, सिंकला बारीक जाळी ठेवा, आणि आठवड्यातून एकदा सिंक नळाच्या गरम पाण्याने काठोकाठ भरून थोडं भांड्यांचं लिक्विड घालून एकदम सोडा. त्या एका लोंढ्याने जे होतं ते बारीक धारेने दिवसभरात होत नाही. मशीनमध्ये डिटर्जंट मापानेच घाला, आणि नेहमी गार पाण्यातच धूत असाल तर महिन्यातून एकदा मशीन रिकामं ठेवून गरम पाण्याची सायकल लावा. बॅक्टेरियावाली लिक्विड्स मिळतात ती थर परत चढू नये म्हणून बरी असतात, तुंबलेलं उघडायला ती उपयोगाची नाहीत, आणि बरोबर ब्लीच वापरलं तर ते बॅक्टेरिया मरतातच.

आम्हाला फोन करताना एवढं सांगा: किती वेळा तुंबलंय, शेवटचं कधी, कोणतं मशीन चालू असताना पाणी वर आलं, आणि सिंकखालचा एक फोटो पाठवा. पाइपमध्ये काही केमिकल ओतलं असेल तर ते आधी सांगा, रागावणार नाही, पण आमचा माणूस ट्रॅप उघडतो तेव्हा ते सगळं पाणी त्याच्या हातावर येतं.