दोन पेट्या आणि दोन-दोन पेट्या

संत्र्यांच्या हंगामात नागपूरच्या कळमना बाजारात कोणी सांगितले की, ‘तीन हमालांनी दोन पेट्या उचलल्या’, तर एकूण किती पेट्या हलल्या? तिघांनी मिळून दोन, हे उत्तर बहुधा आधी सुचते. पण प्रत्येकाने दोन, म्हणजे एकूण सहा, हा अर्थही या वाक्यातून निघू शकतो. आता ‘दोन’च्या जागी ‘दोन-दोन’ म्हणून पाहा. तिघांनी मिळून एकदाच दोन पेट्या उचलल्या असतील, तर हे वाक्य चालत नाही. एका शब्दाच्या द्विरुक्तीने वाक्याचा एक अर्थ पुसला जातो आणि ही गोष्ट मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाला न शिकवता कळते. नेमके काय कळते, हे काटेकोरपणे मांडण्याचे काम आकारिक अर्थविज्ञान (फॉर्मल सिमँटिक्स) ही अर्थाचा अभ्यास करणारी शाखा तर्कशास्त्राच्या साहाय्याने करते.

या शास्त्राची पायाभूत कल्पना साधी आहे. वाक्याचा अर्थ जाणणे म्हणजे जग कसे असले तर ते वाक्य खरे ठरेल, हे जाणणे. ‘प्रत्येक’, ‘काही’ यांसारख्या शब्दांसाठी लागणारे आधुनिक तर्कशास्त्र जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेगे यांनी 1879 मध्ये मांडले, तर सत्याची काटेकोर व्याख्या पोलिश तर्कशास्त्रज्ञ आल्फ्रेड टार्स्की यांनी 1933 मध्ये दिली. मात्र रोजच्या भाषेला ती लागू करता येईल, याविषयी टार्स्की स्वतः साशंक होते. ती शंका बाजूला सारण्याचे धाडस अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ रिचर्ड मॉन्टेग्यू यांनी केले. नैसर्गिक भाषा आणि तर्कशास्त्राची कृत्रिम भाषा यांत महत्त्वाचा सैद्धांतिक भेद नाही, अशी भूमिका त्यांनी 1970 मध्ये मांडली आणि शब्दांच्या अर्थांपासून वाक्याचा अर्थ पायरीपायरीने कसा रचला जातो, हे इंग्रजीच्या एका मर्यादित भागापुरते करून दाखवले. 1971 मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यावर बार्बरा पार्टी यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी हे काम पुढे नेले.

या दृष्टीने ‘प्रत्येक हमाल दमला’ हे वाक्य दोन संचांमधील संबंध सांगते: हमालांचा संच दमलेल्यांच्या संचात पूर्णपणे सामावलेला आहे. ‘काही’साठी दोन्ही संचांत निदान एक सामाईक घटक असला की पुरते. ‘बहुतेक’ मात्र फ्रेगे यांच्या ‘प्रत्येक’ आणि ‘निदान एक’ या चिन्हांनी लिहिताच येत नाही, कारण तेथे दमलेल्या आणि न दमलेल्या हमालांच्या संख्यांची तुलना करावी लागते. शब्दांचे अर्थ कोणत्या क्रमाने जोडायचे, हेही महत्त्वाचे असते. दहांपैकी सात हमाल आले असतील, तर ‘सगळे हमाल आले नाहीत’ हे खरे की खोटे? नकार ‘सगळे’च्या बाहेर धरला (‘सगळे आले, असे नाही’) तर खरे, आत धरला (‘एकही आला नाही’) तर खोटे. बोलताना आवाजाच्या चढउताराने हा प्रश्न सुटतो, लिहिलेल्या वाक्यात तो तसाच राहतो.

आता पुन्हा ‘दोन-दोन’कडे येऊ. त्याचा अर्थ ‘माणशी दोन’ एवढाच मानला, तर ‘हमालाने दोन-दोन पेट्या उचलल्या’ हे वाक्य अडचणीत यायला हवे, कारण येथे हमाल एकच आहे. तरीही ते सहज कळते: खेपेला दोन. म्हणजे द्विरुक्तीची अट माणसांविषयी नाही. तिला वाटणीसाठी कोणता तरी समूह हवा, मग तो माणसांचा असो वा खेपांचा, आणि त्या समूहातील प्रत्येक ‘क्ष’साठी ‘क्ष’शी जोडलेल्या पेट्या दोन असायला हव्यात. एकाच हमालाने एकदाच दोन पेट्या उचलल्या, तर वाटणी कशावर करायची हेच उरत नाही, आणि वाक्य खटकते ते त्यामुळेच. मला या शास्त्राचे सर्वांत मोठे सामर्थ्य येथे दिसते: ‘खटकते’ एवढेच सांगून न थांबता, कोणती अट मोडली हे ते दाखवते.

मग मराठीतील प्रत्येक द्विरुक्ती वाटणीच करते का? ‘एक कप गरम-गरम चहा’ हे वाक्यखंड तपासू. कप एक, चहा एकदाच दिलेला, तरी काहीही खटकत नाही. समूहाची अट येथे नाहीच. तेव्हा संख्यावाचक शब्दांच्या द्विरुक्तीसाठी एक नियम आणि ‘गरम-गरम’सारख्या विशेषणांसाठी दुसरा, असे निदान या उदाहरणांपुरते तरी मानावे लागते.